तांदळाचं बोट

मतदानाची शाई कशाने जाते, असं प्रत्येक निवडणुकीनंतर कोणीतरी येऊन मला विचारतंच. रोह्याला एका मेडिकलच्या दुकानात मी काउंटरला असते. कोणाच्या घरी साखरपुडा असतो, कोणाला मेंदीच्या हातावर तो काळा डाग नको असतो. एकीने तर नेलपॉलिश काढायची अख्खी बाटली त्या डागावर संपवली आणि रिकामी बाटली माझ्यासमोर आपटली, काही उपयोग झाला नाही म्हणून. मी सगळ्यांना एकच सांगते: कातडीवरची आपोआप जाईल, नखावरची नख वाढेल तशी पुढे सरकेल, तोवर गप्प बसा. हे सांगताना माझा आवाज चढतो. गिऱ्हाईकाशी असं बोलतात का, म्हणून मालक मला टोकतात. त्यांना कारण माहीत नाही, आणि मी कधी सांगितलं नाही.

माझं गाव पेण तालुक्यात, खाडीला लागून. रोह्याहून एसटीने गडबला उतरायचं आणि तिथून मिनिडोअरने आत. लहानपणी त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात असायचं. आता पाणी असतं, त्यात खारफुटी वाढलेली, आणि मधेच एखाद्या बांधाचा तुकडा वर आलेला. आम्ही आगरी. वडील मिठागरात होते. मिठागर बंद पडलं तसे ते शेतीवर आले आणि शेतीत खारं पाणी शिरलं तसे खाटेवर गेले. आमच्या शेतीचा जीव एका बांधात असतो. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. समुद्र त्याच्या पलीकडे, भात अलीकडे. उधाणाच्या भरतीला बांधाला भगदाड पडलं की 'खांड गेली' म्हणतात, आणि एकदा खांड जाऊन खारं पाणी आत आलं की ती जमीन पुढची कितीतरी वर्षं भात देत नाही.

खांड बांधायची आमची जुनी रीत आहे. तिला जोळ म्हणतात. घरटी एक माणूस जायचं, रांगेत उभं राहायचं आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे. ज्याच्या घरातून माणूस आलं नाही त्याला गाव विचारत नाही. गावाबाहेर, खाडीच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. तिथल्या लोकांची बांधाच्या आत इंचभर जमीन नाही, तरी जोळाला त्यांनाही बोलावणं असायचं, आणि ते यायचे. चिखलात सगळे सारखे दिसतात. खांड बांधून झाली की ते त्यांच्या वाटेने, आम्ही आमच्या.

गेल्या लोकसभेच्या आधी गावाने बहिष्कार घातला. मला तो अजूनही चुकीचा वाटत नाही. बाहेरकाठा फुटून कित्येक पावसाळे झाले होते. प्रत्येक निवडणुकीला कोणीतरी गाडीतून यायचं, बांधावर उभं राहून फोटो काढायचं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचं आणि जायचं. भाषणात आम्ही भूमिपुत्र. जवळच्या कंपनीच्या गेटवर मात्र आमच्या पोरांना कंत्राटी काम, तेही आज आहे उद्या नाही. मग पोरं राग काढायची ती बाहेरून आलेल्या भय्या कामगारांवर, जे त्यांच्यासारखेच बारा तासांची शिफ्ट करत होते. अशा सगळ्या चिडलेल्या माणसांची देवळात बैठक झाली आणि ठरलं की या वेळी पेटीत एकही मत पडू द्यायचं नाही. गावाचा आकडा शून्य आला पाहिजे, म्हणजे तरी वरच्यांचे डोळे उघडतील. जो मत देईल त्याचं पाणी बंद, त्याला उघाडीवर पाय ठेवायचा नाही, त्याच्या दारात लग्नमरणाला कोणी जायचं नाही.

उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला तिथून पाणी बाहेर जातं तेव्हा मासळी आणि चिंबोऱ्या सापडतात. ती गावाच्या मालकीची.

बैठकीला वाडीला बोलावलं नव्हतं. मुद्दाम टाळलं असं नाही. कोणाला सुचलंच नाही.

त्या वाडीतली एक बाई आमच्या घरी कामाला यायची. मी शाळेत जायच्या आधीपासून येत होती. आई तिला 'वाडीवाली' म्हणायची, वडील 'ती' म्हणायचे, आणि तिला नाव आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. अंगण सारवायची, भात कांडायची, लाकडं फोडायची, आणि ओहोटी असेल तेव्हा उघाडीवर जाऊन चिंबोऱ्या धरायची. आईने तिला कधी उपाशी ठेवलं नाही आणि कधी घरात घेतलं नाही. न्हाणीच्या भिंतीत तिची जर्मनची थाळी खोचलेली असायची. पाणी प्यायला मागितलं की आई तांब्या उंच धरायची आणि ती खाली ओंजळ करायची. मी तेव्हा त्यात काही वावगं पाहत नव्हते. पुढे पेणच्या शाळेत मी 'पानी' म्हटलं की अख्खा वर्ग खिदळायचा. बाईंनी मला उभं करून सगळ्यांसमोर 'पाणी, पाणी' असं घोकायला लावलं, तेव्हा पहिल्यांदा मला ती ओंजळ आठवली. घरी येऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, "त्या बामनीन बाईला काय कलतंय? आपन काय कातकरी हाव काय?"

नवरा गेल्यावर ती वाडीवाली एकटीच राहायची. मुलगा बायकोच्या गावाकडे, सुधागडात. वाडीतली धडधाकट माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पाऊस लागला की परततात. ती जात नव्हती. गुडघे गेले होते. तिचं पोट आमच्याकडची भाकरी, उघाडीवरच्या चिंबोऱ्या आणि रेशनचा तांदूळ यांवर चालायचं. त्यातला तांदूळ सगळ्यांत महत्त्वाचा, कारण चिंबोऱ्या रोज मिळत नाहीत आणि आईची तब्येत बिघडली की आमच्याकडचं कामही नसतं.

रेशनच्या दुकानात बोटाचं मशीन आलं तेव्हा मोठी पंचाईत झाली. आयुष्यभर खारात, मातीत, लाकडात राबलेले हात. अंगठा ठेवला की मशीन लाल. दुसरा ठेवला तरी लाल. दुकानदाराने एकेक बोट करून पाहिलं तेव्हा डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट तेवढं उमटलं. त्या दिवसापासून दुकानदार गंमत करायचा, "ठेव गो तुजा तांदलाचा बोट." तीही हसायची. पण त्या बोटाला ती जपायची मात्र खरी. कालवं फोडताना त्याला चिंधी गुंडाळायची. विळीवर बसली की ते बोट दुमडून घ्यायची. आई चिडवायची, "सोन्याचा हाय काय गो?" तर म्हणायची, "तांदलाचा हाय ना, बाय."

मतदानाच्या आदल्या दिवशी मी गावाला गेले. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे नाव अजून तिथेच आहे. मत द्यायचं नव्हतंच, पण बहिष्काराच्या दिवशी आपण गावात असावं असं वाटलं. एरवी गाव मला रोह्याची समजतं आणि रोहा मला खारपाटातली, खाऱ्या जमिनीकडची. तेवढा एक दिवस आपण कोणाच्या तरी बाजूला उभं आहोत याचं मला बरं वाटत होतं.

सकाळी गावातली माणसं देवळाच्या ओट्यावर बसली. समोरच शाळा, शाळेत केंद्र. आत अधिकारी, बाहेर पोलीस आणि एक होमगार्ड. मे महिना. गावाने ठरवलं होतं की आत बसलेल्यांना चहा नाही, जेवण नाही, पाणीसुद्धा नाही. दुकानं बंद. नळाच्या तोट्या बंद. त्यांनी आणलेलं पाणी दुपारच्या आतच संपलं. होमगार्ड, पेणकडचा तरुण मुलगा, घरोघर विचारत फिरला. आमच्या दारातही आला. आईने दार लोटून घेतलं. आईला ते आवडलं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, पण तिने लोटलं.

शेवटी त्याला वाडीवाली भेटली. ती उघाडीवरून येत होती. त्याने तिला पाणी मागितलं.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं, पुनःपुन्हा सांगितलं, म्हणून मला ते पाठ आहे. ती वाडीच्या बोअरिंगवरून हंडा भरून घेऊन आली. शाळेच्या दारात देवळावरच्या लोकांनी तिला पाहिलं. एकाने ओरडून शिवी घातली, "पानी कोनाला देतेस गो?" ती म्हणाली, "पोलिसांनी सांगितला." पोलिसांनी सांगितलं म्हटल्यावर त्यांनी तिला जाऊ दिलं. आत गेल्यावर तिने हंडा खाली ठेवला आणि ओतायला तांब्या उचलला. अधिकाऱ्याने तो तिच्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि पाणी प्यायला. मग दुसऱ्याने. मग पोलिसाने. एक बाई अधिकारी होत्या, त्यांनी विचारलं, "तुमचं पाणी गोड आहे हो मावशी, बोअरचं का?"

"बाय, सायबानी माज्या हातचा पानी पिला," असं ती मला म्हणाली. "तांब्या तोंडाला लावून. तसाच."

मग त्याच बाईंनी विचारलं, "मावशी, मतदान केलंत?" तिचं कार्ड कमरेच्या पिशवीतच असायचं, रेशनसाठी. रेशनच्या रांगेत कोणीतरी सांगितलं होतं की या वेळी बोटाला शाई नसेल त्याचं रेशन बंद होणार. ही असली अफवा प्रत्येक निवडणुकीला उठते आणि गरिबाच्याच कानात शिरते. गावाचा बहिष्कार तिला माहीत होता. पाणी बंद, उघाडी बंद, हे सगळं तिने ऐकलं होतं. वाडीतली बाकीची म्हातारी माणसं म्हणूनच घरात बसून राहिली होती. पण ती तिथे उभी होती, समोर तिच्या हातचं पाणी प्यायलेली माणसं बसली होती आणि तिला अहो-जाहो करत होती. तिने कार्ड काढून दिलं. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट पुढे केलं. तिला वाटलं, तांदूळ मागायला हेच बोट लागतं, तर मतालाही हेच लागत असणार.

संध्याकाळी केंद्र बंद झालं. पोलीस पाटील बाहेर आला, त्याचं तोंड उतरलेलं. तो म्हणाला, "एक पडलंय."

मी ओट्याच्या कडेला उभी होते. आधी कोणाला पटेना. मग जो गोंधळ उठला तो मी या गावात कधी पाहिला नव्हता. म्हातारी माणसं एकमेकांच्या अंगावर धावली. इतक्या वर्षांचा राग, फुटलेला बांध, बुडालेलं भात, पोरांच्या सुटलेल्या नोकऱ्या, हे सगळं त्या एका मतावर येऊन बसलं. शून्याची बातमी झाली असती, एकाची होणार नव्हती. कोणीतरी गाव विकलं होतं. कोणी, ते शोधायचं ठरलं: उद्या सकाळी देवळापाशी सगळ्यांनी यायचं, बायकांनीसुद्धा, आणि डावं बोट दाखवायचं. आणि गाव जमलेलंच आहे तर तिथूनच जोळाला जायचं, गेल्या उधाणाला गेलेली नवी खांड बांधायला. वाडीलाही सांगा.

ज्याने वाडीत जाऊन सांगितलं त्याने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या असणार.

सकाळी गाव रांगेत उभं राहिलं. मीही बोट दाखवलं. सगळी बोटं कोरी होती. माझा चुलता आदल्या दिवशी वडखळला गेला होता, दुपारनंतर परतला होता, आणि पूर्वी एका पक्षाचं काम करायचा. त्याचं बोटही कोरं होतं. पण एकजण म्हणाला, "घासून काढलाय. बघा ना, कातडी कशी लाल हाय." कातडी लाल नव्हती. पण एकदा शब्द तोंडातून गेला की झालं. चुलत्याने देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली. लोक त्याच्याकडे पाठ करून बांधाकडे निघाले.

वाडीची माणसं आधीच बांधावर येऊन उभी होती, आठ-दहा म्हातारे. तीही होती. डाव्या बोटाला चिंधी होती. मी पाहिलं आणि काही वाटलं नाही, तिची सवयच ती. दुपारपर्यंत ती चिखलाचे गोळे पुढे देत होती. माझ्या चुलत्याच्या हातून कोणी गोळा घेईना. तो द्यायचा, पुढचा माणूस हात मागे घ्यायचा. तेव्हा ती सरकून त्याच्या शेजारी आली आणि त्याच्या हातातला गोळा घेऊन पुढे द्यायला लागली. तिच्याकडून पुढचा माणूस घेत होता.

दुपारी ती आमच्या परसात आली आणि भिंतीला टेकून बसली. तोंड पांढरंफटक. मी चिंधी सोडवली. पेरापासून टोकापर्यंत फोड, त्यातले फुटलेले, त्यात खारा चिखल भरलेला. पहाटे तिने बिब्बा तापवला होता, सुईने टोचून त्याचं तेल शाईवर लावलं होतं. कातडी सोलली की शाई जाईल असा तिचा हिशेब. वरच्या अंगालाच लावायचं होतं तिला. बिब्ब्याचं तेल सांगितल्या जागी थांबत नाही. ते बोटभर उतलं, आणि त्याच बोटाने तिने अर्धा दिवस खारात काम केलं. न जावं तर संशय येईल म्हणून.

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं: होमगार्ड, हंडा, तांब्या, कार्ड. सांगताना रडत होती आणि तांब्यापाशी आली की हसत होती.

आई न्हाणीच्या दारात उभी राहून ऐकत होती. आई दुष्ट नव्हती, हे मला सांगावंसं वाटतं. तिला खरंच वाईट वाटलं होतं. ती कळवळून म्हणाली, "अगो येडे, कशाला जाललास? तुजा बोट कोन बगनार होता गो?"

ते खरं होतं. वाडीवरच्या एकाही माणसाला कोणी बोट दाखवायला सांगितलं नव्हतं. सगळ्या गावाने तिला शाळेत जाताना पाहिलं होतं, येताना पाहिलं होतं, शिवी घातली होती, आणि तरी ते एक मत कोणाचं हे शोधताना तिचा विचार कोणाच्या मनाला शिवला नव्हता. फितूर व्हायलाही आधी आपल्यातलं असावं लागतं. तिला मात्र वाटलं होतं की तिलाही रांगेत उभं करतील. आईचं वाक्य ऐकून ती उजव्या हाताने चिंधी पुन्हा गुंडाळायला लागली.

मी रोह्याहून मलम पाठवलं, गोळ्या पाठवल्या, दोनदा जाऊन ड्रेसिंग केलं. पेणला डॉक्टरांना दाखवलं. बोट वाचलं. पाऊस लागला तोवर जखम भरूनही आली. नवी कातडी आली ती गुलाबी, ताणलेली, चकचकीत. तिच्यावर एकही रेघ नव्हती.

दुकानदाराने नेहमीप्रमाणे म्हटलं, "ठेव गो." मशीन लाल झालं. त्याने बोट पुसलं, तेलाचा हात लावून पाहिला, पुन्हा ठेवलं. लाल. बाकीच्या बोटांचे ठसे आधीपासूनच गेलेले. शाईबद्दल त्याने विचारलंच नाही. त्या महिन्यात नाही आणि नंतरही नाही, तिलाच नाही आणि कोणालाच नाही.

असं झालं तर काय करायचं याचे नियम आहेत. दुसरा माणूस नेमता येतो, डोळे तपासून देता येतं, अर्ज करता येतो. मी सुट्टी काढून तिला घेऊन कचेऱ्यांत फिरले. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने मशीन दुरुस्तीला गेलंय म्हणून सांगितलं, तिसरा चांगला होता, त्याने अर्ज लिहून घेतला आणि होईल म्हणाला. दुकानदार वाईट माणूस नव्हता. एकदा त्याने पदरचे काही किलो दिले. दर महिन्याला कोण देणार? तोपर्यंत आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घर भावजयीच्या हातात गेलं, आणि भावजयीला अंगण सारवायला बाई नको होती, लादी बसवायची होती.

दिवाळी झाली तशी ती वीटभट्टीवर गेली. गुडघे गेलेली बाई, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मुकादमाचा ट्रक हायवेला उभा राहतो तिथे गडबच्या नाक्यावर मी तिला भेटले, योगायोगाने, गावाला येत असताना. डोक्यावर भांड्यांचं बोचकं होतं. ते ठेवायला मी हात दिला. ती म्हणाली, "मशीन सुधारला तर फोन कर बाय, मुकादमाच्या नंबरवर." मी हो म्हटलं. ट्रक गेल्यावर मला मिनिडोअरमध्ये रडू फुटलं आणि शेजारची बाई विचारत होती कोण गेलं म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनीच विधानसभेची निवडणूक आली. या वेळी गावाने बहिष्कार घातला नाही. बांधाचं काम मंजूर झाल्याचा कागद कोणीतरी आणून देवळात वाचून दाखवला होता. काम अजून सुरू झालेलं नाही, पण तो कागद खरा आहे असं गाव धरून चाललं होतं. मतदानाच्या दिवशी जत्रा भरावी तशी गर्दी. बायका नव्या साड्या नेसून आल्या. पोरं शाईचं बोट पुढे धरून फोटो काढत होती. शाळेच्या दारात गावाने टेबल मांडलं होतं, त्यावर चहाचा थर्मास, बिस्किटं, पाण्याच्या सीलबंद बाटल्यांची खोकी. चुलता एकटाच लांब, वडाखाली उभा होता. सहा महिने गाव त्याच्याशी बोललं नव्हतं. त्याच्या मुलीच्या हळदीला आमच्या घराशिवाय कोणी गेलं नव्हतं, आणि आम्हीही मागच्या दाराने गेलो होतो.

मी मत देऊन बाहेर आले तेव्हा दारात तोच होमगार्ड होता. तो चहा पीत देवळावरच्या लोकांशी गप्पा मारत होता. म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही आम्हाला तहानेने मारलं असतं. ती मावशी पाणी घेऊन आली म्हणून वाचलो. दिसत नाही आज?"

"कोण मावशी?"

"ती वाडीवरची. तीच एकटी तर आली होती मत द्यायला."

मला वाटलं आता भडका उडेल. खरं सांगायचं तर मला तो उडायला हवा होता. त्यांनी चिडावं, तिला शिव्या द्याव्यात, ती आली की बघून घेऊ म्हणावं, असं मला वाटत होतं.

बैठकीला पुढे असायचा तो म्हातारा एकदम हसला. "ती व्हय! कातकरीन!" त्याने मांडीवर थाप मारली. "मंजे आपल्यातला कोनी फुटलाच नव्हता!" मग सगळेच हसायला लागले. मोकळं, बरं वाटल्याचं हसू. दोघंतिघं वडाकडे धावली आणि माझ्या चुलत्याला दंडाला धरून घेऊन आली. म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली. "चुकला रे आमचा," म्हणाला. चुलता त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मलाही त्याच्यासाठी बरं वाटलं, ते खोटं नाही. कोणीतरी त्याच्या हातात चहाचा कप दिला. त्याने तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही. ती त्याच्या हातातला चिखल घेत होती, हे त्याला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही.

म्हातारा हात वर करून सगळ्यांना सांगत होता, "बगा, आपला बहिष्कार शंभर टक्के झालता. येकसुद्दा मत पडला नव्हता."

"एक पडलं होतं," मी म्हटलं. मला वाटलं त्यापेक्षा मोठ्याने आलं ते.

तो माझ्याकडे वळला. होमगार्डचं बोलणं त्याने आत्ताच, चहा गार व्हायच्या आत ऐकलं होतं. तो थट्टा करत नव्हता. कपाळाला आठी घालून त्याने खरंच विचारलं, "कोनाचा?"